पाटीवर ‘अमेरिकाना’, टबात ईस्टर एगर: फीड स्टोअरच्या पिल्लांचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते. कोंबडीच्या पिल्लांना साडेचार स्टार, दुकानातल्या पाटीला एक. तोही अक्षर चांगलं होतं म्हणून.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेच्या जरा बाहेर राहतो. मागे मोकळी जागा आहे आणि माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे खुराडं होणारच होतं. इथे वसंतात फीड स्टोअरमध्ये, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, पत्र्याचे मोठे टब मांडतात, वर लाल दिवा, खाली लाकडाचा भुसा आणि चिवचिवाट. एका टबावर पाटी होती: ‘अमेरिकाना, माद्या, निळी अंडी’. पाच-सहा डॉलरला एक, पण कमीत कमी सहा घ्यायचीच.

पहिली गोष्ट, या नावाची मान्य जातच नाही. अमेरॉकाना आहे आणि अरॉकाना आहे. हॅचरीवाले, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारे, मधलंच एक नाव लावून सरमिसळ पिल्लं विकतात. त्यांना खरं म्हणतात ईस्टर एगर, म्हणजे निळ्या अंड्याचा वारसा असलेली संकरित कोंबडी. ही जात नव्हे, त्यामुळे तिला ठरलेला रंगही नाही आणि रूपही नाही.

ओळखायचं कसं? मी टबाशी उकिडवी बसून आधी पाय बघते. अमेरॉकानाच्या नडग्या शाळेतल्या दगडी पाटीसारख्या करड्या-निळ्या. या टबात निम्म्यांचे पाय हिरवट, दोघांचे तर पिवळे. मग पिसं. अमेरॉकानाला अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९८४ साली मान्यता दिली ती ठरावीक रंगांना: काळा, निळा, पांढरा, गव्हाळ वगैरे. खरा ब्रीडर तुम्हाला रंग सांगून पिल्लू विकतो. इथे एकाच टबात खारीसारखी पट्टेवाली, पिवळीधमक, राखाडी अशी सगळी नांदत होती. गालांवर मात्र फसायला होतं. पिसांचे कल्ले आणि दाढी अमेरॉकाना आणि ईस्टर एगर दोघींनाही असतात. एक दिवसाच्या पिल्लाचे गाल फुगलेले दिसले की दुकानातली मुलगी खुशाल सांगते, ‘हीच ती!’

अरॉकाना तर या भावात मिळणारच नाही. ती मूळची चिलीतली. अमेरिकन प्रकाराला शेपूटच नसतं आणि कानाशी पिसांचे झुपके असतात. झुपक्याचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं, तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणून दोन झुपकेवाल्यांची जोडी लावली, तर साधारण पाव अंडी वाया जातात. हॅचरीला हा धंदा कसा परवडणार? (इंग्लंडमधल्यांनी गोंधळू नका. तिथल्या अरॉकानाला शेपूटही असतं, कल्लेही असतात.)

आता माझी सगळ्यात आवडती खूण, तुरा. निळ्या अंड्याचं जनुक आणि बुटक्या, तीन ओळींच्या ‘पी कोम’ तुऱ्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी बसतात, त्यामुळे पुष्कळदा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. आमच्या सहांपैकी एकीचा तुरा मोठेपणी उभा, करवतीसारखा निघाला. नवऱ्याला तेव्हाच म्हटलं, ही निळं घालायची नाही. नाहीच घातलं. फिकट बदामी घालते, आणि खुडूकही हीच जास्त बसते. पण ही खूण क्रीम लेगबारला लावू नका. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या त्या जातीचा तुरा उभा असतो, डोक्यावर पिसांची शेंडी असते, तरी अंडं निळं.

बाकीच्यांची अंडी बघून मात्र पैसे फिटले. दोघी आकाशी, एक पिस्ता, एक चक्क शेवाळी हिरवं. व्हिडिओ कॉलवर आईला टोपली दाखवली, तर ती म्हणाली, “रंग लावलाय काय गं? इकडं चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकत्यात, तसलं काय नसंल ना?” मग तिच्यासमोरच हिरवं अंडं फोडलं. टरफल आतून निळं! निळा रंग, म्हणजे बिलिव्हर्डिन, टरफल तयार होतानाच त्यात आरपार मुरतो. तपकिरी रंग शेवटी वरून चढतो. निळ्यावर तपकिरी चढला की हिरवं दिसतं. हिरवं अंडं व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून चोळा, वरचा थर निघतो आणि खालचा निळा दिसायला लागतो. आईला हे पटलं. चव बदलत नाही, हे मात्र अजून पटलेलं नाही. बलकाचा रंग खाण्यावर ठरतो, टरफलाचा जनुकावर. मका कितीही घाला, बदामीवाली निळं घालणार नाही.

या निळेपणामागे एक जुना विषाणू आहे. त्याचा तुकडा कोंबडीच्या जनुकसाखळीत अडकून राहिला, असं २०१३ साली संशोधकांनी दाखवलं. चिलीकडच्या कोंबड्यांत आणि चीनमधल्या डोंगश्यांग, लुशी या कोंबड्यांत तो स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या ठिकाणी घुसला. पाटीवर असलं काही लिहिलं असतं, तर मी दुसरा स्टार दिला असता.

तक्रार एकच, आणि ती खरी आहे. ‘माद्या’ म्हणून दिलेल्या सहांत एक कोंबडा निघाला. पिल्लांची नर-मादी ओळख शंभर टक्के नसते, हॅचऱ्यासुद्धा साधारण नव्वद टक्क्यांचीच हमी देतात, हे मान्य. पण दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला, आणि ही अट बिलावर मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. ती पाटीवर मोठ्याने लिहा की!

थोडक्यात कुणी घ्यावीत? टोपलीत रंग हवेत, मुलांना मजा हवी, रोज आमलेट हवं, त्यांनी डोळे मिटून घ्यावीत. चिवट पक्षी, थंडीला भीत नाहीत, स्वभावाने गरीब. प्रदर्शनात उतरायचं असेल किंवा पुढे शुद्ध वाण वाढवायचं असेल, तर या टबाकडे बघूही नका. ब्रीडरकडे जा, आई-बापाचे पाय आणि तुरे बघा, त्यांचं अंडं हातात घ्या, मगच पैसे काढा. शेजारच्या टबात ‘ऑलिव्ह एगर’ होती, भाव जवळपास दुप्पट. निळ्या अंड्याची जात आणि मॅरन्ससारखी गडद तपकिरी अंड्याची जात यांचा तो संकर. पहिल्या पिढीत बरा जमतो, पुढे रंगाची खात्री नाही. दुकानात कुणालाच पिढी सांगता आली नाही, म्हणून मी घेतली नाहीत.

कोंबडा हवा असेल तर कळवा, फुकट आहे. कल्ले झकास आहेत, पाय हिरवे. पहाटे साडेचारला सुरू होतो.