परळचं बैलघोडा हॉस्पिटल: कुत्रं देऊन टाकण्याआधी इथे या

‘आता झेपत नाही, कुणी नेत असेल तर सांगा,’ असं म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा एकच गोष्ट अडलेली असते, एका आजारपणाचं बिल. मुंबईत अशा वेळी पहिला पत्ता परळचा. बोर्डावर नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय असं असलं, तरी टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ सांगितलं की पुरे. १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेचं हे रुग्णालय. शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं.

इथली जमेची बाजू म्हणजे धर्मादाय दर आणि जवळच शिकवणारे डॉक्टर. कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थी आधी बारीकसारीक विचारतात, त्यात वेळ जातो, पण चिडू नका. काय खाल्लं, उलटी कधी झाली, लस कधीची, हे नीट सांगितलं तर नको त्या तपासण्या टळतात आणि तेवढे पैसे वाचतात. जुनी चिठ्ठी आणि लशीचं पुस्तक जवळ ठेवा. जुलाब असतील तर ताजी शी झाकणाच्या छोट्या डबीत घेऊन या.

गर्दीत एक पथ्य काटेकोर पाळायला हवं. लस पूर्ण न झालेलं पिल्लू फरशीवर सोडायचं नाही. टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवा, फरशी हुंगू देऊ नका. पार्व्हो या पिल्लांच्या आतड्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. घरात रोगी पिल्लू असेल तर आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी पुसा आणि दहा मिनिटं ओली राहू द्या.

पार्व्होतच सगळ्यात जास्त घरं हात टेकतात. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की पाच-सात दिवस रोज सलाइन लागू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू गळून पडतं, पैसे संपतात आणि येणं थांबतं. नेमकी तिथेच बाजी हातची जाते. उपचार स्वस्त असले तरी गोवंडी किंवा कळव्याहून रोजची जा-ये परवडत नाही. आमच्या मते या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव हीच, औषध आवाक्यात आणि रस्ता आवाक्याबाहेर.

गोचीडतापाची गत वेगळी. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी ताप उतरतो, कुत्रं शेपटी हलवायला लागतं आणि गोळ्या बंद होतात. मग आजार उलटतो आणि दुप्पट खर्चात पाडतो. गोळी उपाशीपोटी दिली तर उलटी होते, म्हणून जेवणानंतरच द्या. मादीची नसबंदी पुढे ढकलणंही असंच महागात पडतं. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती फार पाणी प्यायला लागली, मलूल झाली किंवा मागून पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

खाण्याचा भार मात्र गल्लीने उचलता येतो. चिकनवाल्याकडचं उरलेलं मांस आणि पेठा (कोंबडीच्या पोटातला भाग), भातात शिजवून. शिजलेली हाडं, कांदा, द्राक्षं अजिबात नकोत. कलेजी रोज घालू नका, एकूण मांसाच्या दहाव्या हिश्शापुरतीच ठेवा. महिनोन्‌महिने हेच द्यायचं असेल तर कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारा, नुसत्या भात-मांसावर वाढत्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात.

सोसायटी ‘काढा’ म्हणते म्हणून कुत्रं सोडू नका. सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. आणि १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राणी वाऱ्यावर सोडणं हाच गुन्हा आहे.

शेजाऱ्याला मदत करायची असेल तर टॅक्सीचं भाडं तुम्ही द्या आणि स्वतः सोबत जा. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात डॉक्टरांचं अर्धंच शिरतं, दुसऱ्याने ऐकून लिहून घेतलेलं बरं. पायात सलाइनची सुई ठेवून घरी सोडलं असेल तर पट्टी कोरडी राहिली पाहिजे आणि कुत्र्याला ती चावू देऊ नका. रोज कोण नेणार याच्या पाळ्या लावताना रुग्णालयाची रविवारची वेळ आधीच विचारून ठेवा.