पगारी पीएचडी: जर्मनी की अमेरिका?

प्रवेशाची अट आधी पाहा. जर्मनीत साधारणपणे मास्टर्स लागतेच. अमेरिकेत अनेक विभाग चार वर्षांच्या पदवीवरही थेट घेतात. म्हणूनच तिथे सुरुवातीला कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, आणि एकूण ५-६ वर्षे. जर्मनीत पहिल्या दिवसापासून संशोधन, ३ ते ५ वर्षांत काम आटोपते.

पैशाची खरी गोम इथे आहे. जर्मनीत बहुधा नोकरीचा करार असतो, वेतनश्रेणी टीव्ही-एल १३ (तिथल्या राज्यांच्या सरकारी वेतनकरारातली श्रेणी). जाहिरातीत पूर्ण पदाच्या किती टक्के पगार आहे ते नीट वाचा: ५०, ६५, ७५ की १००? ५० टक्के पगारात काम मात्र अनेकदा पूर्णवेळच अपेक्षित असते, हे कोणी लिहून देत नाही. पगारातून कर, आरोग्य आणि पेन्शन विमा कापला जातो. करार अनेकदा तुकड्यातुकड्यांनी वाढतो; प्रकल्पाचा निधी संपला तर अडचण.

अमेरिकेत शिक्षणशुल्क माफ आणि स्टायपेंड, बदल्यात शिकवणे किंवा प्रयोगशाळेतले काम. स्टायपेंड वर्षातले ९ महिने मिळणार की १२, विद्यार्थी-शुल्क आणि विमा कोण भरणार, हे लेखी विचारा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम चालत नाही.

जोडीदार सोबत येणार असेल तर फरक मोठा: अमेरिकेत एफ-२ वर (एफ-१ धारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरी करता येत नाही, जर्मनीत कुटुंब-परवान्यावर करता येते.

विषय पक्का आणि मास्टर्स हातात असेल, तर जर्मनी. विषय अजून चाचपायचा असेल किंवा मार्गदर्शक बदलण्याची मोकळीक हवी असेल, तर अमेरिका. तिथले अर्ज बहुतेक डिसेंबरच्या आसपास बंद होतात.