जुन्या पिकअपचा पुढचा स्टॅबिलायझर बार: फक्त रबर बदलायचं, की बारच जाड करायचा?

कात्रजच्या जुन्या घाटातून रिकामी पिकअप उतरवताना वळणावर गाडी बाहेरच्या अंगावर कलते. आपण स्टिअरिंगला घट्ट धरून राहतो आणि शेजारी बसलेल्याचा हात आपोआप डॅशबोर्डकडे जातो. माझी गाडी १९९० ची टाटा मोबाइल. वडिलांनी ती उरुळी कांचनच्या रोपवाटिकेसाठी घेतली होती. टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) हे मॉडेल १९८८ मध्ये आणलं आणि ते इथंच, पुण्याच्या कारखान्यात तयार व्हायचं, म्हणून या गाडीवर माझा जीव जरा जास्तच आहे. गेल्या काही वर्षांत या एकाच गाडीखाली मी चार प्रकारे पुढचा बार बसवून पाहिला. पाचवा प्रकार एका मित्राच्या जुन्या अमेरिकन पिकअपला आहे, ती गाडीही मी भरपूर चालवली आहे. तुम्ही याच निर्णयापाशी अडला असाल, तर माझा अनुभव असा.

आधी एक गोष्ट नक्की करा: तुमचा त्रास खरंच या बारचा आहे का? परदेशी व्हिडिओंत ज्याला स्वे बार म्हणतात, तोच आपल्या गॅरेजमधला स्टॅबिलायझर रॉड. तो फक्त एकच काम करतो. पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा वर-खाली झालं की तो पिळला जातो आणि दोघांना सारखं ठेवायला बघतो. ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली घालते, त्याच्याशी या बारचा काही संबंध नाही. स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीन वेळा झुलत राहिली, तर शॉक अॅब्सॉर्बर गेलेत. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी, गाडीचं वजन पेलणारी वेगळी दांडी) असेल आणि एक बाजू बसलेली असेल, तर आधी ती उंची सारखी करून घ्या. वळणात गाडी अंगावर येत असेल, लेन बदलताना उशिरानं डुलत असेल, तरच पुढचं वाचा.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे जुनाच बार ठेवून रबरी बुश (बारला चासीशी धरून ठेवणारे रबराचे तुकडे) आणि लिंक (बारची टोकं चाकाच्या आर्मला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) नव्या टाकणं. मी सगळ्यांना आधी हेच करायला सांगतो. तीस वर्षांच्या गाडीत बुशचं भोक लंबगोल झालेलं असतं. म्हणजे गाडी कलायला लागल्यावर आधी बार त्या मोकळ्या जागेत फिरतो आणि मगच कामाला लागतो. तो जो उशीर जाणवतो, तो बार बारीक असल्यामुळे नसून रबर झिजल्यामुळे असतो. खालच्या आर्मजवळ बार हातानं धरून हलवा, टकटक आवाज आला तर उत्तर मिळालंच. नाना पेठेत अर्धा दिवस फिरलात तर मापाचे बुश मिळतात. जुना बुश सोबत न्या, आणि दांडीचं माप व्हर्नियरनं घ्या, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. माझ्या गाडीत एवढ्यानंच अर्ध्याहून जास्त फरक पडला. खर्च एका चांगल्या टायरपेक्षाही कमी आला.

त्याच बारला पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे, बुश घातले तर? गाडी आणखी चटकन उत्तर देते, कारण पॉली रबरापेक्षा कडक असतो आणि कमी दबतो. पण त्याला बसवतानाच सिलिकॉन ग्रीस भरपूर लागतं. ते धुऊन गेलं की प्रत्येक खड्ड्याला किरकिर सुरू होते, आणि आपल्या पावसाळ्यात ते धुऊन जायला वेळ लागत नाही. साधं पेट्रोलियम ग्रीस वापरू नका. मी दोन पावसाळे पॉली ठेवला आणि परत रबरावर आलो. रोजच्या गाडीला रबर, रविवारी घाटात नेण्याच्या गाडीला पॉली, असं माझं मत झालंय.

आता खरा प्रश्न, जाड बारचा. इथं थोडं गणित समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक चुका याच गणितात होतात. भरीव दांडीचा पीळ सोसण्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. समजा तुमचा बार २२ मिलिमीटरचा आहे. तो २५ चा केलात तर डोळ्यांना फरक फक्त तीन मिलिमीटरचा दिसेल, पण कडकपणा जवळजवळ १.६७ पट होईल. २८ चा केलात तर तो २.६ पट होतो. म्हणून ‘थोडा जाडच टाकू, एकदाच खर्च’ हा विचार इथं चालत नाही. बारच्या टोकाला वाकवलेल्या हाताची, म्हणजे वाकणापासून लिंकच्या भोकापर्यंतची, लांबीही तितकीच महत्त्वाची. लिंकचं भोक २५० मिलिमीटरवरून २२० वर आणलं, तर तोच बार सुमारे २९ टक्के कडक लागतो. नवा बार करून घेणार असाल तर टोकाला दोन भोकं पाडून घ्या, म्हणजे नंतर हवं तसं बदलता येतं.

मग मिळणारा कडकपणा किती हवा? पुण्यात याचं उत्तर खड्डे देतात. सरळ आडव्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलतात, बार नुसता फिरतो, जाड असो की बारीक. पण एका बाजूच्या खड्ड्यात, रस्त्याच्या पातळीखाली राहिलेल्या चेंबरच्या झाकणावर, तिरप्या ब्रेकरवर एकच चाक हलतं आणि बार तो धक्का दुसऱ्या चाकाला देतो. बार जितका जाड तितकं केबिन डावी-उजवीकडे झटकतं, मान दुखायला लागते. मित्राच्या गाडीला अमेरिकेतून आणलेला सव्वा इंची बार आहे. महामार्गावर ती गाडी रुळावर चालल्यासारखी जाते. तीच हडपसरहून स्वारगेटला आणली की तो स्वतःच हळू चालवायला लागतो.

दुसरा मुद्दा पकडीचा. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं आणि खाली पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), त्यामुळे मागून घसरण्याची भीती आधीच असते. पुढचा बार कडक केला की वळणातलं जास्त वजन पुढच्या बाहेरच्या टायरवर येतं आणि मागचं अंग शांत राहतं. पिकअपला आधी पुढचा बार सुधारतात, मागचा नाही, ते याचसाठी. फक्त अति केलंत तर पुढचा टायर पकड सोडतो आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेलाचा थर तरंगत असताना, दिवे घाटात ते अनुभवायची वेळ कुणावर येऊ नये.

पोकळ बारबद्दल लोक उत्साहानं बोलतात, आणि गणित त्यांच्या बाजूनं आहे. पिळताना बहुतेक काम दांडीचा बाहेरचा थर करतो. ३२ मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा पोकळ बार तेवढ्याच व्यासाच्या भरीव बारच्या ७८ टक्के कडक असतो आणि वजन मात्र ५३ टक्के. उत्तम गोष्ट आहे. पण २२ च्या भरीव बारशी तुलना केलीत तर तो साडेतीन पट कडक पडतो, म्हणजे आपल्या रस्त्यांसाठी फारच. शिवाय असा बार तुमच्या गाडीच्या आकारात तयार मिळणं अवघड, आणि बाहेरून मागवला की वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरून किंमत चढते. तयार अमेरिकन किटं तिकडच्या गाड्यांच्या मापाची असतात, हेही विसरू नका.

पाइप वाकवून वेल्डिंग केलेल्या बारबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे: घेऊ नका. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी तो करून घेतला. पहिला महिना गाडी अप्रतिम चालली. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून त्या एस वळणात शिरलो आणि खालून ठणका ऐकू आला. बाजूला घेऊन पाहिलं तर हाताच्या वेल्डजवळ बार तडकला होता आणि उरलेला भाग वाकडाच राहिला होता. वेग कमी होता म्हणून निभावलं. फसगत कुठं होते ते लक्षात घ्या. साधं लोखंड आणि स्प्रिंगचं पोलाद, दोघांचा कडकपणा जवळपास सारखाच असतो, म्हणून सुरुवातीला फरक कळतच नाही. फरक आहे तो किती पीळ सोसून परत मूळ आकारात येतं यात. साधं लोखंड वाकडं राहतं, आणि वेल्डच्या कडेला वारंवारच्या पिळानं भेग पडते. जुन्या बाजारातल्या किंवा भंगारातल्या दुसऱ्या गाडीच्या बारबद्दलही सावध राहा. वाकणाच्या आतल्या बाजूला गंजाचे खळगे किंवा केसासारखी रेघ दिसली तर तो तिथंच ठेवा.

आज माझ्या गाडीखाली २५ मिलिमीटरचा भरीव बार आहे, पाटे बनवणाऱ्या कारागिरांकडून स्प्रिंग स्टीलमध्ये करून घेतलेला. भट्टीत तापवून वाकवला, मग पाणी देऊन (म्हणजे तापवून एकदम थंड करून) कडक केला आणि पुन्हा थोडा तापवून टेम्पर केला. कुणाकडूनही करून घेताना हे दोन प्रश्न विचाराच: पोलाद कोणतं, आणि वाकवल्यानंतर उष्णता प्रक्रिया होणार का? थंडच वाकवून देतो म्हणाले तर दुसरीकडे जा. जुना बार नमुना म्हणून द्या, आणि तो परत घ्यायला विसरू नका.

तर कुणी काय निवडावं? गाडी मुख्यतः शहरात आणि माल घेऊन चालत असेल, तर जुना बार, नवं रबर, बास. घाटात वारंवार जाणं असेल, ताम्हिणी, वरंधा, सिंहगड, आणि बहुतेक वेळा मागं माल नसेल, तर तीन मिलिमीटर जास्त जाडीचा भरीव बार, रबरी बुशसह. गाडी फक्त महामार्गावर आणि प्रदर्शनाला निघत असेल, तरच पोकळ जाड बारचा खर्च पटेल.

कायद्याचंही बघा. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली तिची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिनात बदल नसावा अशी अट आहे. म्हणून काहीही चासीला वेल्ड करू नका. मूळ भोकांत बोल्टनं बसणारं आणि काढता येणारं तेवढंच ठेवा.

बसवताना बुशचे क्लॅम्प चाकं जमिनीवर असतानाच शेवटचे आवळा. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लिंकची लांबी सपाट जागेवर, ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवून जुळवा. दोन्ही बाजूंचे बोल्ट हातानं सहज आत गेले पाहिजेत, नाहीतर गाडी उभ्या जागीच एका बाजूला ओढलेली राहते. जाड बार चासीवरच्या ब्रॅकेटवर जास्त जोर टाकतो, त्यामुळे त्यामागं एक पोलादी पट्टी द्या आणि मागून भेग पडलीय का ते पाहत राहा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. माझा एक क्लॅम्प सासवडला पोचेपर्यंतच अर्धा फेरा सैल झाला होता.