टीएलसी प्लेट काचेची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची?

टीएलसी म्हणजे प्लेटवरच्या पातळ थरातून सॉल्व्हंट वर चढवून मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत. प्लेट काचेची असो वा अ‍ॅल्युमिनियमची, थर सिलिका जेल ६० चाच आणि अतिनील दिव्याखाली उजळणारा एफ२५४ सूचकही तोच. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दोन्ही प्लेटा सारख्याच हिरव्या उजळतात आणि घटकाचा ठिपका, म्हणजे स्पॉट, सारखाच काळा उठतो. त्यामुळे खरेदी करताना बहुतेक जण सोय बघतात आणि अ‍ॅल्युमिनियम घेतात. मीही बरीच वर्षं तेच घेत होतो. आता औषधातल्या अशुद्धींची मर्यादा तपासायची असली, की माझा हात काचेकडे जातो.

अ‍ॅल्युमिनियमची सोय खरीच आहे. कात्रीने हवी तेवढी पट्टी कापा, पडली तरी फुटत नाही, काम झालं की वहीत चिकटवून टाका. अभिक्रिया कुठवर आली हे दर अर्ध्या तासाने बघायचं असेल, तर दुसरं काही घ्यायची गरजच नाही. कात्री बोथट असली तर कडेचा थर सुटतो आणि तिथून सॉल्व्हंट वाकडा चढतो, एवढंच सांभाळायचं. काच कापायची म्हणजे मात्र प्लेट स्वच्छ कागदावर पालथी घालायची, मागून हिऱ्याच्या कटरने एकाच दमात रेघ ओढायची आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच मोडायची. हात बसेपर्यंत चार-दोन प्लेटा वाया जातातच.

माझं मन फिरलं ते तापवताना. एका अमिनो आम्लाच्या कच्च्या मालाची तपासणी होती. ब्यूटॅनॉल, पाणी आणि ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल ६०:२०:२०, सॉल्व्हंट १५ सेंटिमीटर चढवलेला, वर निनहायड्रिनचा, म्हणजे तापवल्यावर अमिनो आम्लांना जांभळा रंग देणाऱ्या रसायनाचा, फवारा. घाई होती म्हणून ओव्हनऐवजी हॉटप्लेटवर ठेवली. पत्रा तापला आणि दोन्ही कडांनी बोटभर वर उचलला गेला. मधल्या नमुन्यातला अशुद्धीचा स्पॉट जांभळा गडद झाला, तुलनेसाठी लावलेला कडेचा ०.५ टक्के मर्यादेचा संदर्भ स्पॉट मात्र फिकट गुलाबीच राहिला. अशुद्धी मर्यादेबाहेर, माल नापास! मनाला पटेना. दुसऱ्या पत्र्यावर जागा बदलून, संदर्भ मध्ये आणि नमुना कडेला लावला, तर निकाल उलटा आला. तेच द्रावण काचेवर लावलं, तेव्हा दोन्ही जागी रंग सारखाच चढला आणि अशुद्धी संदर्भापेक्षा फिकट दिसली.

इथे निवाडा डोळ्यांनी होतो. दोन स्पॉटमध्ये गडद कोणता, एवढाच प्रश्न असतो. मग दोघांना मिळालेली उष्णता सारखी नसेल, तर तुलनेला अर्थच राहत नाही. ओव्हनमध्ये हा फरक बराच कमी होतो हे मान्य, पण जाळीवर ठेवलेला पत्रा तिथेही वाकलेला मी पाहिला आहे. तुमचे पत्रे कदाचित सरळ राहत असतील. सल्फ्युरिक आम्ल फवारून स्पॉट काळे करायचे असतील तर आणखी एक अडचण येते, कारण आम्ल अ‍ॅल्युमिनियमलाच खातं. काचेला ती भीती नाही. मात्र तयार प्लेटांचा बाइंडर, म्हणजे थर धरून ठेवणारा पदार्थ, बहुधा सेंद्रिय असतो, त्यामुळे जास्त तापवलं तर काचेवरचीही पार्श्वभूमी करडी पडते.

फवारा लागतच नसेल आणि सगळं दिव्याखालीच बघायचं असेल, तर अ‍ॅल्युमिनियम खुशाल घ्या, मला तरी फरक जाणवलेला नाही. फवारून तापवायचं असेल तर काच घ्यावी असं वाटतं. काच उशिरा तापते, म्हणून पहिले दोन-तीन प्रयोग जवळ उभं राहून बघा आणि रंग पुरता उठायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. बाहेर काढलेली गरम प्लेट थेट थंड ओट्यावर टेकवू नका, खाली जाड कापड घाला. एवढ्याशा कारणाने तडकलेल्या प्लेटवरचा दिवसभराचा रन पुन्हा करावा लागतो.