आठ चौकटींत नऊ पोळी: सातेरीच्या 'ए टाइप' पेटीचा १४ महिन्यांचा अनुभव

सातेरी म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी, आणि 'ए टाइप' हा तिच्या लाकडी पेटीचा एक प्रमाणित प्रकार. पेटीची रचना इथे पुन्हा सांगत बसत नाही. तळपाट, पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) कोठी, वर मधकोठी, आतलं झाकण, छप्पर. पिलाव्याच्या कोठीत पोळं बांधायच्या आठ चौकटी, आतून २०५ × १४० मिलिमीटर. मधकोठीच्या चौकटी तितक्याच लांब, पण उंची ६२. एवढं घेणाऱ्याला माहीत असतंच. कोणी सांगत नाही ती गोष्ट वेगळी आहे: एका चौकटीच्या मध्यापासून शेजारच्या चौकटीच्या मध्यापर्यंत अंतर किती? १४ महिन्यांत या पेटीत जे जे बिघडलं, त्यातलं बहुतेक सगळं या एका मापापाशी येऊन थांबतं.

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत पोळी बांधते तेव्हा दोन पोळ्यांच्या मध्यांत साधारण ३१ मिलिमीटर अंतर ठेवते. मेलिफेराला, म्हणजे पाळीव युरोपीय माशीला, ३५ लागतात, कारण ती अंगानं मोठी. ही पेटी 'सातेरीची' म्हणून विकली गेली, चौकटीची लांबी-उंचीही सातेरीचीच होती, पण चौकटीच्या उभ्या पट्ट्या ३५ मिलिमीटर रुंद कापलेल्या. सुतारानं मेलिफेराचा साचा लावला असणार. चार मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाहीत. आता हिशेब करा: आठ चौकटी गुणिले ३५ म्हणजे २८०, आठ गुणिले ३१ म्हणजे २४८. उरले ३२. म्हणजे एका अख्ख्या पोळ्याची जागा. माश्या आपलं माप सोडत नाहीत, त्या आठ चौकटींत नऊ पोळी बांधायला घेतात.

पहिली दोन पोळी चौकटीत नीट बसतात, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. तिसरं कडेला सरकतं. पाचव्यापर्यंत पोळं दोन चौकटींच्या मधोमध येतं आणि दोन्हींना चिकटतं. मग कुठलीही चौकट उचला, पोळं फाटतं. मध गळतो, त्या वासावर मुंगळे येतात, अळ्या उघड्या पडतात, आणि राणी नेमकी त्या फटीत असेल तर चिरडते. मेलिफेरा एवढं सहन करते. सातेरी करत नाही. अशा दोन-तीन तपासण्या झाल्या की ती घर सोडून जाते आणि दोष माशीवर येतो, 'सातेरी टिकत नाही' म्हणून. कितीतरी नवशिक्यांनी पहिल्याच वर्षी हा नाद सोडला असेल आणि पेटीवर कधी मोजपट्टी लावली नसेल, याचं फार वाईट वाटतं.

विक्रेत्याला फोटो आणि मापं पाठवली. उत्तर आलं, 'माश्या जुळवून घेतात.' चौकटी बदलून मिळाल्या नाहीत. हे उत्तर मुळातच चूक आहे. हलत्या चौकटीची पेटी उभीच राहिली ती माशीच्या वाटेच्या मापावर. अमेरिकी मधपाळ लँगस्ट्रॉथनं १८५१ मध्ये ते माप ओळखलं: ठरावीक रुंदीची वाट असेल तर माश्या ती ये-जा करायला मोकळी ठेवतात, जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. सातेरीसाठी ही वाट ७ ते ९ मिलिमीटर धरायची. जुळवून पेटीनं घ्यायचं असतं.

दुरुस्ती सोपी आहे, पण पेटीत माश्या यायच्या आधी करायची. चौकटींच्या उभ्या पट्ट्या रंध्यानं दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर उतरवा, म्हणजे ३१ येतात. पट्टी सरळ, अरुंद असेल आणि अंतर नुसतं अंदाजानं ठेवावं लागत असेल, तर वरच्या दांडीला दोन्ही टोकांशी छोटे खिळे ठोकून ३१ पक्के करा. मग आठही चौकटी एका बाजूला घट्ट सरकवा. दुसऱ्या बाजूला उरलेल्या ३२ मिलिमीटरमध्ये साधारण २५ जाडीची फळी उभी करा, म्हणजे शेवटच्या चौकटीशी माशीपुरती वाट राहते. ही फळी पुढे पावसाळ्यातही कामाला येते. तीच मोजपट्टी उभीही लावा: खालच्या चौकटीची वरची दांडी आणि मधकोठीच्या चौकटीची खालची दांडी यांच्यातही तेवढीच वाट हवी. या पेटीत ती १४ निघाली. त्यामुळे मधकोठी उचलताना खालचं नरांचं पोळं दरवेळी फाटत होतं. मधकोठीची खालची कड सहा मिलिमीटर रंधल्यावर ते थांबलं.

चौथ्या महिन्यात मत साफ होतं: घेऊ नका. आज ते बदललं आहे. लाकूड चांगलं आहे, सांधे एका अख्ख्या पावसाळ्यात हलले नाहीत, छपराचा पत्रा गळला नाही. मापं दुरुस्त केल्यावर तीच पेटी नीट चालते. मधकोठीत तर जास्तीचं अंतर उपयोगी पडलं. तिथल्या चौकटी आधी ३१ वर बांधून घ्या, मग आठऐवजी सातच पसरून ठेवा. माश्या पोळ्यातली घरं लांबवतात, पोळं जाड होतं आणि घरांवरची मेणाची टोपणं कापायला सुरी सहज फिरते. बांधणी व्हायच्या आधी पसरलीत तर पुन्हा तेच तिरकं पोळं.

पेटीबरोबर आलेलं राणीदार, म्हणजे प्रवेशाला लावायची बारीक भोकांची पट्टी, माहितीपत्रकात कायम लावायला सांगितली आहे. तसं करू नका. नवीन वसाहत पेटीत घातल्यावर चार-पाच दिवस ठेवा. राणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून वसाहत उठून जात नाही. नवीन अंडी दिसली की काढा. नर त्या भोकांतून जात नाहीत, आतच मरून दार तुंबवतात, आणि कामकरी माश्यांच्या पायांवरचा पराग झडतो. वसाहतीत नवी राणी जन्मली असेल तर राणीदार म्हणजे घातच. तिला मीलनासाठी बाहेर उडावं लागतं.

वसाहत विकत घेताना माश्यांनी भरलेल्या किमान पाच चौकटी आणि त्यांत अंडी, अळ्या, कोष तिन्ही पाहून घ्या. एका घरात दोन-तीन अंडी असतील तर राणी नाही आणि कामकरीच अंडी घालताहेत, ती वसाहत घेऊ नका. टोपण उघडं पडून आत टोकदार डोकं वर केलेली, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी मेलेली अळी दिसली तर तो सॅकब्रूड, अळ्यांचा विषाणूजन्य रोग. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहती याच विषाणूनं झोपवल्या. अशी पेटी स्वस्त मिळाली तरी घरी आणू नका. ढोलीतली वसाहत काढणार असाल तर संध्याकाळी काढा. फक्त पिलाव्याचं पोळं चौकटीच्या मापात कापून, वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपटानं बांधा. मधाचं पोळं आत घालू नका, मुंगळ्यांना आमंत्रण होतं. चार-पाच दिवसांत पोळं चिकटतं. तयार पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत किंवा तीन किलोमीटरच्या पलीकडे. मधल्या अंतरावर माश्या जुन्या जागी परततात.

स्टँडच्या पायांखालच्या वाट्या कोरड्या दिवसांत पाण्यावर चालतात. पावसाळ्यात त्या भरून वाहतात, पानं पडून पूल होतो आणि मुंगळे एका रात्रीत वसाहत संपवतात. वाटीच्या वर पायालाच उलटी वाटी टोपीसारखी बसवा आणि खालच्या वाटीत जळकं तेल घाला. गवत पेटीला टेकू देऊ नका. खर्च जवळजवळ नाही, आणि पेटीबरोबर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्यांपेक्षा हे नक्की चांगलं.

सह्याद्रीत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. फुलोरा नाही, उडायला उघडीप नाही. वसाहत चार-पाच चौकटींवर येते. माश्या ज्या पोळ्यांवर बसलेल्या नाहीत ती काढून घ्या आणि फळी आत सरकवा, कारण रिकामं पोळं म्हणजे मेणकिड्याचं घर. सातेरी राळ गोळा करत नाही, फटी बुजवत नाही, जुनं मेण कुरतडून खाली टाकते. त्या चुऱ्यातच मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो. म्हणून दर आठवड्याला तळपाट झाडा आणि चुरा जाळा, नुसता बाजूला फेकू नका. साखरेचा पाक एक किलोला एक लिटर पाणी या मापानं, आठवड्यातून दोनदा, एका वेळी पाव लिटर, संध्याकाळी आणि पेटीच्या आतच. दिवसा दिला किंवा सांडला तर शेजारच्या माश्या लुटालूट करतात. गूळ नको, त्यानं माश्यांना हगवण लागते. आणि मधकोठी चढवली की पाक पूर्ण बंद. नाहीतर बाटलीत भरलेली साखरच असते, तिला मध म्हणून विकणं ही लबाडी आहे.

फेब्रुवारीअखेर मधकोठी चढवली. जांभळाचा फुलोरा मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि तेव्हा वसाहत जोरात हवी. याच काळात थवा सुटतो, म्हणजे जुन्या राणीबरोबर बऱ्याच माश्या घर सोडून जातात, म्हणून आठ-नऊ दिवसांनी चौकटींच्या खालच्या कडा तपासा. तिथे शेंगदाण्यासारखी लोंबती घरं म्हणजे राणीघरं, नव्या राण्या वाढवायची. तीन चतुर्थांश घरांवर टोपण बसल्याशिवाय मध काढू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) मधातल्या ओलाव्याची मर्यादा २० टक्के आहे. कोवळा मध त्याच्यावर जातो आणि महिन्याभरात आंबतो. पिलाव्याच्या कोठीतल्या मधाला हात लावू नका, तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे.

एका-दोन पेट्यांसाठी पोळ्यातून मध काढायचं मधयंत्र घेऊ नका, गावात चार जणांत एक पुरतं. पूर्ण पोशाखही नको. जाळीची टोपी, फिकट रंगाचा लांब बाह्यांचा सदरा आणि धुराडं बास. धुराड्यात नारळाची शेंडी किंवा सुकं गोणपाट जाळा, धूर थंड आणि पांढरा हवा. मेणपत्रा, म्हणजे घरांचे ठसे असलेला मेणाचा पातळ पत्रा, अख्खा लावायची गरज नाही. वरच्या दांडीला दोन सेंटिमीटरची पट्टी चिकटवली की माश्या सरळ रेषेत बांधतात, अर्थात चौकटी ३१ वर असतील तरच. मेलिफेराचा मेणपत्रा कापून वापरू नका, त्याच्या घराचा व्यास सातेरीला मोठा पडतो आणि तिथे नरच जास्त निघतात.

पैसे खर्च करायचेच तर प्रशिक्षणावर करा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळच मांघर आहे, २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं, तिथे सातेरीच्या पेट्या पाहायला मिळतात. जाताना खिशात स्टीलची मोजपट्टी ठेवा आणि जुन्या मधपाळाच्या पेटीतलं अंतर मोजून पाहा. पुढची पेटी सुताराकडून बनवून घेताना कागदावर दोनच मापं मोठ्या अक्षरांत लिहून द्या: मध्य ते मध्य ३१, वाट ८.