जुन्या लॅपटॉपला आधी काय टाकावं: रॅम की एसएसडी?

घरात हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप आहे. चालतो, पण रडतखडत. नवा घ्यायची इतक्यात तयारी नाही आणि दुकानदाराने दोन पर्याय सांगितलेत: रॅम ४ ची ८ जीबी करा, नाहीतर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाका. दोन्ही एकदम परवडत असेल तर दोन्ही करून मोकळं व्हावं. पण तूर्त एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर पुढचं वाचा.

मी या दोन्ही गोष्टी केल्या, पण मध्ये बराच काळ जाऊ देऊन. त्यामुळे कशाने काय बदललं ते वेगवेगळं कळलं. माझ्या मेव्हण्याने जवळपास तसल्याच लॅपटॉपवर उलट्या क्रमाने केलं, म्हणून तुलनेला दुसरं उदाहरणही घरचंच आहे. वेग मोजायचं सॉफ्टवेअर मात्र आम्ही दोघांनीही कधी चालवलेलं नाही. सांगतोय ते वापरातून आलेलं.

आधी रॅमची बाजू, कारण दुकानात बहुधा तीच पहिल्यांदा सुचवली जाते आणि त्यात चूक काही नाही. विंडोज १० किंवा ११ चालू झाली की ४ जीबीतला बराच भाग तीच अडवते. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर थोडी मेमरी तिकडेही जाते. उरलेल्या जागेत ब्राउझरचे आठ-दहा टॅब, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एवढं उघडलं की मेमरी संपते. मग विंडोज सध्या न लागणारा माल उचलून डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. ही ने-आण सुरू झाली की एका खिडकीतून दुसरीत जातानाच माणूस कंटाळतो. मेव्हण्याने ८ जीबी केली तेव्हा हा त्रास गेला. त्याचं काम अकाउंटचं. टॅली, दोन-तीन एक्सेल, पीडीएफ, ब्राउझर असं सगळं दिवसभर उघडं असतं. त्याला फरक लगेच जाणवला आणि तो आजही रॅमच्याच बाजूने बोलतो. मात्र सकाळी बटण दाबून चहा टाकायला जायची त्याची पद्धत रॅम वाढवल्यावरही तशीच राहिली.

माझा प्रश्न नेमका तिथेच होता.

आम्ही देवगड तालुक्यात राहतो. एप्रिल-मे हे आंब्याचे दिवस. पेट्यांची बिलं, पत्त्यांची लेबलं, कुणाचे पैसे आले आणि कुणाचे राहिले, सगळं एका लॅपटॉपवर. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, लॅपटॉप थेट वायरवर. मे महिन्याच्या मध्यावर वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे लाइटचा भरवसा राहत नाही. तासभर गेली तर माणूस दुसरं काम तरी करतो. त्रास होतो तो पापणी लवेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या लाइटचा. पंखा थांबतही नाही, पण लॅपटॉप बंद पडलेला असतो. मग सगळं पहिल्यापासून. विंडोजचं चिन्ह, गोल फिरणारे ठिपके, पासवर्ड, डेस्कटॉप. डेस्कटॉप दिसला म्हणजे काम सुरू असंही नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के लाल दिसायचं आणि एक्सेलवर डबल क्लिक केलं तरी बराच वेळ काहीच हलायचं नाही. दारात गाडीवाला पेट्या न्यायला उभा, लेबलं अर्धी छापलेली. तेवढ्यात दुसरा झटका आला की आणखी एकदा तेच.

रॅम तात्पुरती आणि डिस्क कायमची, हे एमएस-सीआयटी केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. निर्णय घेताना या वाक्याचा फार उपयोग होतो, तो असा. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. त्यातला भार सतत गळत असतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक पेशी पुन्हा भरावी लागते. १९६८ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिचाच वारसा आजच्या रॅममध्ये आहे. वीज तुटली की ती रिकामी. मग ४ जीबी असो की ३२. लाइट परत आल्यावर विंडोज, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड, अँटिव्हायरस, एक्सेल, सगळं पुन्हा डिस्कवरूनच उचलून आणावं लागतं. आणायचं जिथून तीच जागा संथ असेल, तर ठेवायची जागा दुप्पट करून माझी बिलं लवकर छापली जाणार नव्हती.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. विंडोज नीट शट डाउन केली की ती स्वतःचा काही भाग डिस्कवर तयार ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता यावं. लाइट जाऊन बंद पडलेल्या लॅपटॉपला ही सवलत मिळत नाही. त्याला अख्खा रस्ता चालावा लागतो. वर कधी डिस्क तपासणी सुरू झाली तर तो वेळ वेगळा.

हार्ड डिस्क संथ का, हे एकदा नीट पाहिलं की पुढचा निर्णय सोपा होतो. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरं. ती मिनिटाला १,२०० फेरे घ्यायची. आपल्या लॅपटॉपमधली १ टीबीची डिस्क बहुतेक वेळा ५,४०० फेऱ्यांची असते. माल ठेवायची ताकद लाखो पटींनी वाढली, फिरण्याचा वेग मात्र साडेचार पट. ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, त्यात सुई योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ मिळवा. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला शंभरच्या आतबाहेर, त्यापुढे नाही. आणि विंडोज उघडणं म्हणजे अशा हजारो छोट्या फायली वाचणं. एसएसडीत फिरणारं काही नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. एखादा तुकडा तिच्यातून काढायला मिलिसेकंदाचा दहावा भाग, बऱ्याचदा त्याहूनही कमी लागतो. रॅम याच्याही हजारपट पुढे आहे, हे खरं. पण आपल्याला खटकतो तो हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्यातला फरक.

म्हणून मी आधी एसएसडी घेतली. जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी, साधी अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी. लॅपटॉप तोच, ४ जीबी तीच. आता लाइटने झटका दिला तर पासवर्ड टाकून मान वर करेपर्यंत एक्सेल उघडलेलं असतं. डिस्कचा तो लाल रकाना पुन्हा पाहिल्याचं आठवत नाही. आणि लाइट जाताना आतून यायचा तो कट् असा आवाज गेला. वीज तुटल्यावर हार्ड डिस्क फिरत्या तबकडीच्याच जोरावर सुई झटकन बाजूला घेते, त्याचा तो आवाज. डिस्कच्या सुरक्षिततेसाठीच ती सोय असते, पण दर वेळी काळजात धस्स व्हायचं.

पुढे रॅमही ८ जीबी केली. ब्राउझरमध्ये जास्त टॅब उघडे ठेवता येतात, फोटो मोठे करताना अडखळत नाही. चांगलं झालं, पण एसएसडी टाकलेल्या दिवसासारखं घरातल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. यात एक बारकावा आहे. एसएसडी असली की कमी रॅमचा त्रासही काहीसा बोथट होतो, कारण ती ने-आण आता वेगवान जागेवर होते. उलट बाजूने तसं घडत नाही. रॅम वाढवून हार्ड डिस्कवरून विंडोज उठण्याचा वेळ जवळपास तेवढाच राहतो. अर्थात कमी रॅमवर कायम ने-आण चालू ठेवून एसएसडीवर सतत लिहीत राहणं बरं नाही. फ्लॅशच्या पेशी लिहून-लिहून झिजतात. घरगुती वापरात तो पल्ला गाठायला वर्षं जातात, तरी हे माहीत असावं.

एसएसडीचं ज्याला वावडं असतं तो हमखास एक मुद्दा काढतो आणि तो खराही आहे. हार्ड डिस्क जाण्याआधी बहुतेकदा कुरकुरते, फायली उघडायला वेळ लावते, काही ना काही सांगून जाते. एसएसडी काल चालू आणि आज बंद, असं होऊ शकतं. पुसलेली फाइल परत मिळायची शक्यताही एसएसडीवर कमी, कारण मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करत असते. अचानक लाइट जाणं तिलाही मानवत नाही. म्हणून काढलेली हार्ड डिस्क टाकून देऊ नका. तिला यूएसबीचं केसिंग लावा आणि बॅकअपला ठेवा. माझे सगळे जुने हंगाम तिच्यावर आहेत. या कामाला ती अजूनही उत्तम, आणि त्याच पैशात जागा जास्त देते.

जागेवरून आठवलं. २५६ जीबीची एसएसडी घेतली आणि विंडोजमध्ये २३८ दिसली, ५०० ची ४६५ दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. डिस्क बनवणारे जीबी हजाराच्या हिशोबाने मोजतात, विंडोज १,०२४ च्या. रॅम मात्र १,०२४ च्याच हिशोबाने येते, म्हणून तिथे हा घोळ नसतो. माझ्या मते २५६ चालते, पण फोटो-व्हिडिओ ठेवणाऱ्यांनी ५०० च्या घरातली पाहावी. एसएसडी गच्च भरली की तीही मंदावते. साटाची वेगमर्यादा सेकंदाला ६ गिगाबिटची असते. बिट आणि बाइटमध्ये आठाचा फरक आहे, शिवाय काही भाग वाहतुकीच्या सोयीत जातो, त्यामुळे हातात साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास पडतात. एनव्हीएमई ही वेगळ्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी, तिचे आकडे याच्या कितीतरी पट असतात. पण तुमच्या लॅपटॉपला तो स्लॉटच नसेल तर ते सोडून द्या. जुन्या हार्ड डिस्कवरून येणाऱ्या माणसाला साटाचाच फरक पुरेसा जाणवतो.

रॅम आधी कुणी घ्यावी? ज्याच्याकडे एसएसडी आधीच आहे त्याने, हे उघड आहे. ज्याचा लॅपटॉप सकाळी एकदा चालू होतो आणि बॅटरी किंवा यूपीएसच्या भरवशावर रात्रीपर्यंत बंदच पडत नाही, पण दिवसभर खूप काही उघडं असतं, त्यानेही विचार करावा. ठरवायला सोपा मार्ग असा: नेहमीचं काम पूर्ण चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० च्या वर आणि डिस्क शांत असेल तर रॅम. मेमरी ६०-७० वर आणि डिस्क १०० ला टेकलेली असेल तर एसएसडी. दोन्ही लाल असतील तर डिस्कवरचा भार मुळात रॅमच्या तुटवड्याचाही असू शकतो. तिथे मेव्हणा रॅम म्हणेल आणि मी एसएसडी म्हणेन.

माझं पारडं तिकडे झुकण्याचं आणखी एक कारण आहे. डीडीआर३ या जुन्या पिढीची रॅम पुढच्या डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. जुन्या लॅपटॉपसाठी घेतलेली रॅम बहुधा त्याच्याबरोबरच जाते. अडीच इंची एसएसडी मात्र पुढे डेस्कटॉपला लावता येते, नाहीतर केसिंग लावून खिशात ठेवता येते. किमतींचं सांगायचं तर २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरीच्या चिप जगभर महागल्या, त्यात रॅमही आली आणि एसएसडीही. म्हणून जुना भाव डोक्यात ठेवून जाऊ नका.

पैसे मोजण्याआधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे तेवढं बघून घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा लॅपटॉपवर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घेतली तर ४ जीबीतही चांगली चालते, फक्त टॅलीसारखं विंडोजचं काम असेल तर अडेल. दुकानात गेलात की तीन गोष्टी विचारा: रॅमचा मोकळा स्लॉट आहे की रॅम बोर्डवरच चिकटवलेली आहे, डिस्क साटाची आहे का, आणि जुनी विंडोज जशीच्या तशी क्लोन करून देणार की नव्याने टाकणार. क्लोन करणार असतील तर डेटा आधी घरी पेन ड्राइव्हवर उतरवून न्या, आणि काढलेली हार्ड डिस्क परत मागून घ्या.