मोटरहोमची झळाळी: कंपाउंड आणि मेण, की फरशीचे पॉलिश?
अ‍ॅरिझोनाच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) फायबरग्लासवरून बोट फिरवले, की खडूसारखी पांढरी भुकटी लागते. अतिनील किरणांनी जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत राळेच्या लेपाचा, वरचा थर विटलेला असतो. तो थर कंपाउंडने (बारीक खरखरीत कणांच्या घासण्याच्या लेपाने) मशीनवर घासून काढून वर कार्नोबा मेण चढवण्यात खांदे भरून येतात आणि मेण काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागते, पण मूळ जेलकोट खरोखर उजळतो. फरशीच्या अ‍ॅक्रिलिक पॉलिशचे चार-पाच पातळ हात स्वच्छ धुतलेल्या पृष्ठभागावर दिले, तर कमी कष्टांत आरशासारखी चमक येते. मात्र पुढे ते पिवळे पडून पापुद्रे सुटू लागले, की अमोनियायुक्त द्रावणाने सगळेच उतरवावे लागते. जेलकोट घासण्याइतका जाड उरलेला नसेल, तरच मी हे पॉलिश निवडेन.